ज्ञानपंचमीला पुस्तकं पाटावर, आणि लेकीला म्हणायचं "बाहेरून कर"!



मागचे दोन-तीन लेख फराळाचे आणि चौविहाराच्या डब्यांचे झाले. आज मात्र भांडायला बसले आहे. भांडण तुमच्याशी आहे तसंच माझ्याशीही आहे, तेव्हा अर्ध्यात सोडून जाऊ नका.

माझं माहेर मंदिरमार्गी, सासर स्थानकवासी. त्यामुळे आमच्या मांडवगणच्या घरात थोडं दोन्हीकडचं चालतं. ज्ञानपंचमीला मी माहेरच्या रीतीनं पाटावर पुस्तकं मांडते, सासूबाई उपवास करून स्वाध्यायाला बसतात. २०२५ साली २६ ऑक्टोबरला पाटावर सासूबाईंची पाथर्डी बोर्डाच्या परीक्षांची जुनी पुस्तकं होती, यांची नवी खतावणी होती, आणि त्या सगळ्यावर लेकीनं हळूच आपलं एक पुस्तक आणून ठेवलं. बारावीचं मानसशास्त्राचं. ती स्वतः सायन्सला आहे. हे पुस्तक मैत्रिणीकडून मागून आणलेलं.

भुवाजी (म्हणजे यांच्या आत्या, पण सगळं घर त्यांना भुवाजीच म्हणतं) चष्मा वर करून म्हणाल्या, "हे कशाचं गं?" लेक म्हणाली, "मला पुढं हेच शिकायचंय. मन कसं चालतं ते." दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग भुवाजी म्हणाल्या, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर?" आणि जेठजींनी लगेच तोडगा काढला. "शिक ना, नाही कोण म्हणतंय? बाहेरून कर. घरी राहून बी.ए. होईल, दुकानातही मदत होईल. डिग्रीला डिग्री."

सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. खोटं कशाला सांगू, माझाही झाला. मी चहा टाकायला उठले आणि मनात म्हटलं, चला, मिटलं. लेकीला नाही म्हणावं लागलं नाही, घरात वाद झाला नाही, पैसे वाचले. संध्याकाळी प्रतिक्रमणात ज्ञानाच्या अतिचारांचा पाठ आला आणि तोंडानं म्हणता म्हणता मी अडखळले. सकाळी ज्ञानाची आराधना केली आणि दुपारी त्याच पाटापाशी बसून लेकीचं ज्ञान स्वस्तात उरकायची सोय केली. मिच्छामि दुक्कडम् म्हणून हे सुटतं का?

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म बघायला मोबाइल घेतला तेव्हा लेकच म्हणाली, "आई, ते बंद झालंय." मला वाटलं रागानं म्हणतेय. पण खरंच बंद झालंय, आणि हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नाही म्हणून सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीनं सगळ्या विद्यापीठांना कळवलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन नवे प्रवेश द्यायचे नाहीत. मानसशास्त्राबरोबर सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण, जैवतंत्रज्ञान असेही काही विषय त्यात आहेत. कारण २०२१ साली आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी एक राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, आणि त्यात मानसशास्त्रज्ञ हा आरोग्याचा व्यवसाय म्हणून धरला आहे. नर्सिंग कुणी पोस्टानं शिकत नाही, तसंच आता हे. मराठी, इतिहास, इंग्रजी हे विषय बाहेरून करता येतात. मानसशास्त्र नाही.

जेठजींचा तोडगा संपला. आणि मला, खरं सांगते, आधी रागच आला. कारण मी स्वतः बाहेरून शिकलेली आहे. लग्नानंतर सात वर्षांनी, धाकटा मांडीवर असताना, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मी बी.ए. झाले. १९८९ साली निघालेल्या त्या विद्यापीठानं माझ्यासारख्या किती सुनांना पदवी दिली असेल! स्वयंपाक आवरून रात्री अकराला पुस्तक उघडायचं. परीक्षेला नणंदबाई मुलाला घेऊन केंद्राबाहेर लिंबाखाली बसायच्या. त्या पदवीला कुणी नावं ठेवली तर मी आजही ऐकून घेणार नाही. ज्या बाईला घराबाहेर पडताच येत नाही तिच्यासाठी ती खिडकी होती, आणि मानसशास्त्रापुरती ती खिडकी आता लागली, याचं मला वाईट वाटतं.

पण माझी गोष्ट वेगळी आणि लेकीची वेगळी. मी बाहेरून शिकले कारण दार बंद होतं. लेकीला मात्र दार उघडं असताना आपण खिडकी दाखवतोय. वय अठरा, मांडीवर मूल नाही, सायन्सला चांगले मार्क आहेत, बापाचं दुकान चालतंय. मग "बाहेरून कर" यात अडचण कुठली होती? अडचण फक्त आपल्या मनात होती. मुलाला बी.कॉम. करायला पुण्याला पाठवताना आपण गादी, डबा, बाइक सगळं बघतो. तेव्हा "बाहेरून कर" कसं सुचत नाही?

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या विषयात, पुस्तक घरी वाचलं काय नि कॉलेजात वाचलं काय. त्यासाठी मला एक घरातली गोष्ट सांगावी लागेल. जिची आहे तिला विचारून सांगते आहे.

माझ्या धाकट्या जावेला दुसरं बाळंतपण झालं आणि ती गप्प झाली. खायची नाही, बाळाकडे बघायची नाही, रात्रभर छताकडे बघत पडायची. आपण काय केलं? पहिले दोन महिने म्हणालो, लाड पाहिजेत. मग म्हणालो, नवकाराचा जाप वाढव. मग शेजारच्या बाईनं सुचवलं म्हणून कुणाकुणाला दाखवलं, ते मी इथं लिहीतही नाही, लाज वाटते. शेवटी कुणीतरी एका "काउन्सेलर"चं नाव दिलं. सुंदर केबिन, भिंतीवर चौकटीत सर्टिफिकेटं. दर वेळी पैसे घेऊन ती बाई जावेला सांगायची, सकारात्मक विचार करा, आरशात बघून रोज हसा. जाऊ घरी येऊन आरशासमोर उभी राहायची आणि रडायची. तिला वाटायला लागलं, हसताही येत नाही म्हणजे आपल्यातच खोट आहे. आठ महिने गेले. मग पुण्यात एका सरकारी दवाखान्यातल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी पंधरा मिनिटांत ओळखलं की बाळंतपणानंतर येणारं नैराश्य आहे. गोळ्या दिल्या आणि त्यांच्याच विभागातल्या एका मुलीकडे बोलायला पाठवलं. ती मुलगी वयानं लहान, साधी, पण प्रश्न असे विचारायची की जाऊ आपोआप बोलायला लागली. बरी झाली. आज दुकानाचा जीएसटी तीच बघते.

नंतर कळलं की त्या चौकटीतल्या बाईचं शिक्षण म्हणजे काही आठवड्यांचा एक कोर्स होता.

म्हणून मला "कुठलंही कॉलेज चालेल" या वाक्याची चीड येते. शिवणकाम कच्चं राहिलं तर ब्लाउज बिघडतो. हे कच्चं राहिलं तर एखाद्या घरातली बाई बिघडते, आणि तिला वाटतं चूक तिचीच. जैन घरात आपण पाणी गाळून पितो, मुंगी वाचवायला झाडू हळू फिरवतो. मग जिच्या हातात उद्या माणसाचं मन येणार तिचं शिक्षण कसंही झालं तरी चालेल हे आपल्याला पटतंच कसं?

दुसरा गट आहे तो म्हणतो, "आपल्या शास्त्रात सगळं आहे, कॉलेज कशाला?" स्थानकात हे मी कितीदा ऐकलंय. शास्त्रात खूप आहे, हे मी आधी कबूल करते. पाठशाळेत आपण घोकलंय ना, मतिज्ञानाच्या चार पायऱ्या, अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. आधी काहीतरी आहे एवढं कळतं, मग काय असेल याचा शोध, मग निश्चय, मग ते मनात राहणं. लेकीनं मला सांगितलं की मानसशास्त्रातही संवेदन, अवधान, स्मृती अशीच क्रमानं प्रकरणं असतात. मला अभिमान वाटला, का नाही वाटणार. कषाय, लेश्या, आर्तध्यान, रौद्रध्यान, मनाच्या अवस्थांना इतकी बारीक नावं दिलेली परंपरा आपली.

पण म्हणून आपल्याला सगळं कळलं असं होत नाही. जावेचं आर्तध्यान आहे म्हणून आम्ही तिला आठ महिने उपदेशच दिला ना? नाव ठाऊक होतं, उपाय ठाऊक नव्हता. आणि एकाच बाजूनं बघून निकाल देणं याला आपल्याच शास्त्रात एकांत म्हणतात. जर्मनीत लायप्झिगला १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, आपल्या पुणे विद्यापीठात १९५० साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला. त्या लोकांनी काय केलं? "मला वाटतं" म्हणायचं सोडून मोजायला सुरुवात केली. दहा जणांना यादी वाचून दाखवायची, कुणाला किती आठवतं, गोंगाटात किती, शांततेत किती. एक मुलगी प्रयोगकर्ती, समोरची प्रयुक्त, मग अदलाबदल. सूचना कशा शब्दांत द्यायच्या, समोरची घाबरली तर काय करायचं, आकडे आले की त्यांतून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही. हे समोर बसल्याशिवाय शिकता येतं का? गाडी चालवायला पुस्तकावरून शिकलेला ड्रायव्हर तुम्ही ठेवाल?

(एक भीती भुवाजींनी काढली ती योग्य होती. "उंदीर-बेडूक मारावे लागतात का?" प्राणिशास्त्राच्या वर्गातलं ते विच्छेदन २०१४ साली यूजीसीनं पदवीपासूनच थांबवायला लावलं, आणि मानसशास्त्राच्या बी.ए.ला समोर माणूसच असतो. भुवाजींना हे सांगितल्यावर त्यांचा अर्धा विरोध गेला. बाकीचा अर्धा कशामुळे गेला ते पुढं सांगते.)

आता कॉलेजकडे येऊ. आपल्या बायकांच्या गप्पांत कॉलेज कसं निवडतात? "तिची जाऊबाई म्हणाली, तिकडं मुली चांगल्या घरच्या येतात." "कॅम्पस काय सुंदर आहे." "बायोडाटात नाव शोभतं." म्हणजे कॉलेज लेकीसाठी निवडायचं की भावी व्याह्यांसाठी? लवळ्याला फ्लेम आहे, विमाननगरला सिंबायोसिसचं लिबरल आर्ट्स आहे, बंगळूरला क्राइस्ट आहे. ही वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, तिथं मानसशास्त्र नीट शिकवत असणार म्हणूनच मुलं जातात. पण खासगी विद्यापीठांची फी लाखांत जाते. ज्यांना झेपते त्यांनी खुशाल पाठवावं. ज्यांना झेपत नाही त्यांनी "मग राहू दे, बाहेरूनच कर" म्हणू नये, कारण मधे मोठा रस्ता आहे आणि तो आपल्याच बाजूनं जातो.

पुण्यात फर्ग्युसन आहे, १८८५ पासूनचं. टिळक रस्त्यावर १९१६ चं स. प. महाविद्यालय आहे. शिवाजीनगरला मॉडर्न आहे. १९३२ चं वाडिया कॉलेज पुणे स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, दौंडहून गाडीनं येणाऱ्या पोरीसाठी हे फार मोठं. या सगळ्या ठिकाणी मानसशास्त्र शिकवतात आणि फी आपल्या आवाक्यातली असते. आणि आमच्या मांडवगणहून नदी ओलांडून दौंड, दौंडहून बारामती, तिथं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय. १९६२ सालचं, आता स्वायत्त, आणि ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव काय माहितेय? अनेकान्त एज्युकेशन सोसायटी. आपल्याच माणसांनी उभं केलेलं कॉलेज, मानसशास्त्र विषय असलेलं, आणि मांडवगणच्या आम्हा जैन बायकांना त्याचा पत्ता नाही! शिरूरचं बोरा कॉलेज तरी कुणाच्या नावानं आहे? चांदमल ताराचंद बोरांच्या. नाव देणारे आपले, देणगी देणारे आपले, आणि आपल्या लेकी मात्र घरी बसून बाहेरून.

मी स्वतः दोन ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणचं नाव घेत नाही. माहितीपत्रक असं गुळगुळीत की हातातून निसटत होतं, वर मोठ्या अक्षरात "कॉग्निटिव्ह" की काय लिहिलेलं. मी म्हटलं, प्रयोगशाळा दाखवा. कुलूप होतं. किल्लीवाले रजेवर. पूर्ण वेळ शिकवणारे किती, विचारलं तर समोरची मुलगी म्हणाली, "मॅडम, इंडस्ट्रीमधून एक्स्पर्ट्स येतात." म्हणजे कायमचं कुणी नाही. दुसऱ्या ठिकाणी इमारत जुनी, पंखा करकरत होता, पण बाईंनी कपाट उघडून चाचण्यांच्या पेट्या दाखवल्या, प्रयोगवह्या दाखवल्या, आणि लेकीला उलट विचारलं, "आकडेमोडीचा कंटाळा आहे का? असेल तर आत्ताच सांग." मला त्या बाई फार आवडल्या. घरी नवी बाई कामाला ठेवताना आपण जेवढे प्रश्न विचारतो तेवढे तरी कॉलेजला विचारावेत ना. मानसशास्त्र तिन्ही वर्षं मुख्य विषय म्हणून मिळतं, की जुन्या काळी "जनरल"ला असायचं तसं नुसतं तोंडी लावायला? संख्याशास्त्र कोण शिकवतं? चौथ्या वर्षाची ऑनर्सची सोय तिथंच आहे, की त्यासाठी दुसरीकडे जावं लागेल? दवाखान्यात, शाळेत, मुक्तांगणसारख्या ठिकाणी मुलींना बघायला नेतात का? प्रवेशाचे नियम सारखे बदलतात, त्यामुळे निकाल लागल्यावर धावण्यापेक्षा मार्च-एप्रिलपासूनच कॉलेजच्या पानावर नजर ठेवा.

आणि त्या "कॉग्निटिव्ह सायन्स"बद्दल. बोधनाचं शास्त्र म्हणू या. लेकीला खरं तर हेच आवडतं, माणसाला भाषा कशी येते, लक्ष का उडतं, यंत्राला विचार करता येईल का. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी पदवीनंतर शिकतात. गांधीनगर आणि कानपूरच्या आयआयटीत, अलाहाबाद विद्यापीठात, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात त्याचे विभाग आहेत, आणि तिथं मानसशास्त्राची मुलं येतात तशी इंजिनिअरिंगची, जीवशास्त्राचीही येतात. म्हणून बारावीनंतर कुणी केवळ त्या नावावर मोठी फी मागितली तर दहादा विचार करा. पाया पक्का घ्या, मानसशास्त्र घ्या, सोबत गणित किंवा संख्याशास्त्र सोडू नका. बारावी सायन्स करून "आर्ट्सला गेली" म्हणून कुजबुजणाऱ्या बायकांना हे वाक्य वाचून दाखवा. तिचं गणित वाया जात नाही, उलट इथंच कामाला येतं.

अजून एक गोष्ट लपवू नका, मुलीपासूनही. बी.ए. झालं की लगेच कुणी उपचार करायला बसत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं, मान्य केलेलं पुढचं शिक्षण लागतं आणि त्यांच्याकडे नोंदणी लागते. १९९२ चा कायदा आहे तो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या अशाच मान्यताप्राप्त शिक्षणावरून केली आहे. तेव्हा पदवी, एम.ए., त्यापुढं प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचं शिक्षण, अशी सहा-सात वर्षं धरा. पुण्यात ससूनच्या आवारातल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत असं पुढचं शिक्षण मिळत आलं आहे. सगळ्यांनाच तिकडं जायचं नसतं. शाळेत समुपदेशक होता येतं, ज्ञान प्रबोधिनीसारख्या ठिकाणी चाचण्यांचं काम असतं, संशोधन असतं. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएचकडे बघा, किती तऱ्हेची माणसं तिथं मनाचं काम करतात.

"सहा-सात वर्षं? म्हणजे पंचवीसची होईल!" हे वाक्य तुमच्या तोंडावर आलं ना? माझ्याही आलं. आपल्याकडे मुलं चाळीशीकडे झुकली तरी लग्नाची थांबलेली आहेत, मेळाव्यात स्टेजवर एकामागून एक उभी राहून ओळख करून देतात, आणि आपण मुलीला मात्र वर्षांचा हिशेब लावतो. बींदणी शिकलेली हवी, पण शिकत असलेली नको. पंचवीसची होईल तर होईल. नाही शिकली तरी सात वर्षांनी पंचवीसचीच होणार आहे.

पैशाचं बोलू, कारण शेवटी तिथंच अडतं. लेकीसाठी आपण सोनं जन्मापासून जमवतो. तेरा तोळे, पंधरा तोळे, ऐपतीप्रमाणे. त्या सोन्याला हात लावायचा नाही, ते "तिच्या लग्नाचं". मग ऐका. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, कुंभोजचे जैन. त्यांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याला सगळ्या जातींच्या पोरांचं बोर्डिंग चालवलं. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना काढून दिला, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. दुसऱ्यांच्या पोरांसाठी! आपण आपल्या पोटच्या पोरीच्या फीसाठी दोन बांगड्या मोडायच्या म्हटलं तर घरात सुतक. सोलापूरला पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविकाश्रम वाढवला, विधवा, परित्यक्ता बायकांना शिकवलं. त्यांची जयंती-पुण्यतिथी आली की आपण फोटो फॉरवर्ड करतो.

बोर्डिंगवरून आठवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मॉडेल कॉलनीतल्या सेठ हिराचंद नेमचंद जैन बोर्डिंगची जागा विकली जाणार म्हणून सगळा समाज, दिगंबर-श्वेतांबर विसरून, पुण्यात रस्त्यावर उतरला आणि तो व्यवहार रद्द झाला. मला फार बरं वाटलं. तिथं राहून शिकून मोठे झालेले किती जण डोळ्यांत पाणी आणून बोलत होते. मी व्हिडिओ बघत होते आणि मोजत होते, त्यात बायका किती बोलल्या. मैत्रिणींनो, रात्रीआधी जेवण देणारं, कांदा-बटाटा-लसणाशिवायचं, लेकींना परवडणारं वसतिगृह पुण्यात, बारामतीत हवं म्हणून आपण कधी संघासमोर उभ्या राहिलो? चातुर्मासाच्या स्वामीवात्सल्याला किती देणगी निघते ते तुम्हाला माहीत आहे. मागून तरी बघू.

कारण रोज जाऊन-येऊन शिकणं आमच्या भागात सोपं नाही, हे मी मान्य करते. दौंडहून पुणं पंचाहत्तर किलोमीटर, गाडीचे दीड-दोन तास, त्याआधी उसातून जाणारा रस्ता. २०२५ साली शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या बाजूला बिबट्यानं लहान लेकरं मारली. पहाटे अंधारात पोरगी एसटीला उभी राहणार म्हटलं की कुणाचंही काळीज हलेल. ही भीती खरी आहे. पण तिचं उत्तर वसतिगृह आहे, घरी बसवणं कुठून आलं?

भुवाजींचा उरलेला विरोध कसा गेला ते सांगायचं राहिलं. मी त्यांना काहीच पटवलं नाही. जावेनं पटवलं. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "भुवाजी, तेव्हा आपल्या घरात कुणी शिकलेलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते." भुवाजींनी उत्तर दिलं नाही. माळ तशीच हातात. रात्री झोपताना मला हाक मारून म्हणाल्या, तुझ्या त्या मोबाइलमध्ये मनाचं बिनसलेल्यांसाठी फोन नंबर असतो म्हणे, तो पुढच्या आळीतल्या सुनेला दे. मी टेलिमानसचा १४४१६ त्यांना मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. तुम्हीही लिहून ठेवा, फ्रीजवर लावा.

जेठजी अजून "बघू" म्हणतात. त्यांचं "बघू" म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं, पण या वेळी मीही फॉर्म त्यांच्या बघण्यावर ठेवणार नाही. सोमवारी बारामतीला जायचं आहे, लेक, जाऊ आणि मी. भुवाजी म्हणतात त्याही येणार. त्यांना ती प्रयोगशाळा बघायची आहे, आणि तिथं कुणाची आठवण किती पक्की आहे ते मोजतात असं कळल्यापासून त्यांनी भक्तामरचे अठ्ठेचाळीस श्लोक पुन्हा घोकायला घेतले आहेत.